पश्चिमेच्या भिंतीचे गाऱ्हाणे

देव शब्द ऐकतो आणि शब्दामागचे मनही ऐकतो; माणसे मात्र शब्दच ऐकतात. या दोन ऐकण्यांच्या मधून जी अरुंद पायवाट जाते, तिच्यावरून माडबावचे दाजी धुरी जन्मभर चालले. आणि उतारवयात एकदा, प्रत्यक्ष ग्रामदेवी पावणाईच्या समोर, त्याच पायवाटेवर त्यांचा पाय घसरला. पडताना त्यांना कुणीच पाहिले नाही. म्हणून तर ते पडणे एवढे लागले.

दाजी तसे मोठे कुणी नव्हेत. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात मुकादम म्हणून त्यांनी उमर घालवली आणि निवृत्त होऊन गावी आले. हाताच्या रेषांत चिकाचे काळे डाग अजून शिल्लक आहेत. स्वभावाने हळवे, चालीने सावकाश, मासळीच्या बाबतीत चोखंदळ. पण देवाने त्यांना एक गोष्ट ओंजळ भरून दिली होती: आवाज. समुद्राची गाज मागे चालू असताना तिच्यावर तरंगत जाईल असा भरदार, ओलसर आवाज. त्या आवाजामुळे आणि वडिलांच्या वारशामुळे पावणाईच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्याकडे आला.

आमच्या कोकणात देवाशी बोलायचे ते गाऱ्हाण्यातून. एकाने हात जोडून उभे राहावे, साऱ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागणे मागावे, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी गावाने एका तोंडाने साथ द्यावी, “व्हय म्हाराजा!” ती साथ द्यावीच लागते. तिथे वाद नाही, शंका नाही, मागाहून विचार करून सांगतो असे नाही. गाऱ्हाणे घालणाऱ्यावर गाव एवढा विश्वास टाकते, की वाक्य संपण्याआधीच ‘व्हय’ ओठांवर येऊन बसलेले असते. दाजींचे वडील म्हणत, “गाऱ्हाणां घालतस तेवा सगळां बोलान टाक रे. पोटात ठेवलंस तर तां तुकाच खातलां.” दाजींनी ते ऐकले होते. आपण सारेच ऐकतो. ऐकलेले अंगी लागायला एक चूक खर्ची पडावी लागते.

पावणाईचे देऊळ गावाच्या टोकाला, माडांच्या शेवटच्या रांगेपाशी. दार पूर्वेला, पाठ दर्याला. पावसाळ्यात दर्यावरून आडवा पाऊस येतो, तो सरळ त्या पाठच्या भिंतीवर फुटतो. भिंत जुन्या चिऱ्याची, वरून चुन्याचा गिलावा. आडव्या पावसाची झड लागू नये म्हणून मिरगाच्या आधी तिच्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे बांधायचे. त्या पडद्यांनाही गावात झडच म्हणतात. वरच्या आडव्या वाशाला काथ्याने बांधलेली ही झड घटस्थापनेपर्यंत देवीची पाठ राखते.

आणि झड विणण्याचा मान यशोदाबाईंच्या घराचा. यशोदाबाई म्हणजे दाजींच्या चुलतभावाची विधवा बायको. दाजी त्यांना वयनी म्हणत. लेक रेडीला दिलेली, पुत्र नाही, घरात एकट्या. गावातले सारे मान पुरुषांचे. पालखीला खांदा पुरुषाचा, ढोल पुरुषाचा, देवांच्या सजवलेल्या काठ्या, म्हणजे तरंग, तेही पुरुषाचे. सगळ्या गावात एकच मान असा होता जो एका बाईच्या हातात पडत असे. झड बांधायच्या दिवशी गाऱ्हाणे होई, पहिली झड यशोदाबाई स्वतः उचलून भिंतीला लावीत, आणि गुरव देवीच्या अंगावरचा चोळीचा खण त्यांच्या पदरात घाली. यशोदाबाई तिला झड म्हणत नसत. म्हणत, देवीची खोळ. शेतात लावणी करणाऱ्या बाया पाठीवर पानांची खोळ घेतात ना, तशी. “आवशीक भिजत ठेवन आमी कौलाखाली निजाचां काय?” असे, देवीला आई म्हणून, विचारीत आणि पुन्हा विणायला लागत.

त्यांचा नवरा होता तोवर तो वर वाशाला बांधी, त्या खालून देत. तो गेला, आणि शिडीवर दाजी चढू लागले. दरवर्षी त्या खालून झड वर करीत, दाजी ओढून घेत, आणि वर-खाली गप्पा चालत. म्हणजे ही झड नुसती यशोदाबाईंची नव्हती. दाजींच्या तळव्यांनाही तिच्या काथ्याचे वळ माहीत होते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे जे घडले ते परक्याच्या हातून घडले नाही.

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर, झड अजून उतरायची होती, तेव्हा शहरातले एक कुटुंब दर्शनाला आले. प्रदक्षिणा घालताना त्यातल्या एका गृहस्थाने दाजींना अगदी अदबीने विचारले, “काका, मागच्या बाजूला देवीचा गोठा आहे का?” बिचाऱ्याने निर्मळ मनाने विचारले होते. दाजींनी मान हलवून काहीतरी उत्तर दिले आणि तिथून दूर झाले. पण तो गोठा त्यांच्या मनात बांधला गेला. त्यानंतर झड पाहिली की त्यांना झड दिसेना. काळवंडलेली, लोंबणारी पाने दिसत. चाळीस ठिकाणी पाहिलेली नवी देवळे दिसत, त्यांचे गुळगुळीत दगड दिसत. लाज वाटली, आणि त्या लाजेला त्यांनी देवीची काळजी असे नाव दिले. माणसाच्या मनाची ही किमया पाहावी, आणि पाहून नम्र व्हावे!

पुढे भिंतीला तडे गेल्याचे निमित्त झाले. पाठच्या भिंतीला बाहेरून दगडाचे आवरण चढवावे असे देवळाच्या मंडळींनी ठरवले. दाजींच्या बहिणीचा मुलगा जितेंद्र मुंबईत इमारतींची कामे करणारा इंजिनीयर. तो गाडीत नमुने घालून आला आणि त्याने ते देवळाच्या पायऱ्यांवर ओळीने मांडले. पाहायला दाजी होते, त्यांची बायको विमला होती, लवू गुरव होता, आणि सावली मिळेल तिथे बसलेले गाव होते.

“मामानू, ही ॲल्युमिनियमची पॅनेलां,” जितेंद्र म्हणाला. “हलकी. धुतली की नवी.”

लवू गुरवाने हात पाठीशी बांधून लांबूनच पाहिले. “ही लावलास तर देऊळ मालवणच्या हाटेलासारखां दिसतलां. लोक येवन इचारतीत, एसी रूम गावात काय?”

“आणि लवूक काउंटरार बसयतीत, चावयो देवक,” विमला म्हणाली.

“बसतंय की! निदान फॅन तरी आसतलो.”

हसणे ओसरल्यावर जितेंद्रने दुसरा तुकडा पुढे केला. दगडासारखी दिसणारी टाइल. दाजींनी ती हातात घेतली, नखाने खरवडली, आणि परत ठेवली. “दगडासारखी म्हणजे दगड न्हय मां? देवीच्या पाठीर सोंग नको रे.”

“मग हो खरो दगड. काळो ग्रॅनाइट.”

तो आरशासारखा चकाकत होता. लवूने वाकून पाहिले आणि टाळूवरून हात फिरवला. “ह्यात माझां टक्कल माझ्यापेक्षा बरां दिसता.”

शेवटी जितेंद्रने एक तांबडे, जाड पाते दोन्ही हातांनी उचलून ठेवले. जांभा चिराच, पण यंत्राने पातळ कापलेला. त्याची छिद्रे मोकळी होती, रंग ओल्या मातीचा होता. सावलीतले गाव उठून जवळ आले. ज्या दगडाने आपली घरे, विहिरी, गडगे बांधले, तोच दगड नवे कपडे घालून दारात उभा राहावा, तसे वाटले.

“ह्याका न गंजणाऱ्या स्टीलच्या पकडी लागतीत,” जितेंद्र समजावू लागला. “साध्या लोखंडाक इथली खारी हवा खाता. पाती आणि जुनी भित हेंच्या मधी वायच जागा ठेवची, हवा खेळाक. वरसून पाणी न धरणारो हात मारूचो. मगे पाऊस किती आपटांदे, थेंबे ओघळान जातले. पण एक आसा. काम झाल्यार भितीत खिळो मारूक होवचो नाय, वासो बसवक होवचो नाय. भोक पडलां की पाणी आत गेलांच म्हणान समजा.”

“मगे झडीचां काय?” लवू गुरवाने विचारले.

त्या प्रश्नाने साऱ्यांच्या माना दाजींकडे वळल्या. यशोदाबाई त्या दिवशी तिथे नव्हत्या. लेकीकडे रेडीला गेल्या होत्या. दाजींनी तांबडे पाते उलटून पाहिले. उलट बाजूलाही तेच होते.

“तां मी बघतंय,” ते म्हणाले.

बघायचे म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. रीत अशी, की देवळातली कोणतीही रीत मोडायची तर देवीला विचारून मोडायची, आणि जिचा मान तिला आधी सांगून विचारायचे. पण यशोदावयनीला सांगितले तर ती नको म्हणेल. तिने नको म्हटले तर गाव दोन तोंडांनी बोलेल. देवीला विचारले आणि देवीने झड राखायला सांगितली तर दगड बसवायचा राहील, आणि तो गोठा पुन्हा डोळ्यांसमोर लोंबेल. दाजींनी भांडण टाळायचे ठरवले. भांडण टाळणे ही चांगली गोष्ट आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. रात्रंदिवस घोळवून त्यांनी एक वाक्य बांधले. गवंडी रांग लावतो तसे, सांधा न दिसेल असे.

शिमगा आला. देवीला कौल लावायचा, म्हणजे तिची इच्छा विचारायचा, दिवस आला. लवू गुरवाने देवीला स्नान घातले, आणि दोन ओल्या कळ्या तिच्या खांद्यांवर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. जी कळी आधी सुटून पडेल, ती देवीची इच्छा. पुरुष पुढे, बाया खांबापलीकडे. यशोदाबाई रेडीहून परतल्या होत्या, खांबाला टेकून उभ्या होत्या. दाजींनी हात जोडले. आवाज लागला.

“गे आवशी पावणाई, माडबावच्या धनिणी! दर्याक पाठ देवन तू आमची राखण करतस. आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत. ह्या लेकरांची आठवण ठेव.”

“व्हय म्हाराजा!”

“तुझ्या पाठच्या भितीक खाऱ्या वाऱ्यान तडे गेले. तिका आता दगडाचां नवां अंग चढवचां आसा. तां काम सुखरूप पार पाड.”

“व्हय म्हाराजा!”

“उजवी कळी काळ्या दगडाची, डावी कळी तांबड्या चिऱ्याची. तुझ्या मनाक येयत तां सांग, आणि तूं सांगशीत तसां आमी वागतलंव.”

“व्हय म्हाराजा!”

यशोदाबाईंचा आवाज साऱ्यांच्या मागून, अर्ध्या श्वासाने उशिरा येत असे. बारीक आणि स्वच्छ. त्या दिवशीही आला. गावाचे ‘व्हय’ संपले आणि त्यांचे एकटीचे ‘व्हय’ गाभाऱ्यात क्षणभर राहिले. दाजींनी ते ऐकले. तिचाच मान मोडण्याला तिनेच, हात जोडून, डोळे मिटून, होकार दिला होता.

डावी कळी पडली. तांबडा चिरा! गाव आनंदले, नारळ फुटला. काळ्या दगडाची कळी पडली असती किंवा तांबड्याची, झड दोन्हींत नव्हती. तिसरी कळीच कुणी लावली नव्हती.

काम सुरू झाले. जितेंद्रची माणसे आली, परांची उभी राहिली, तांबडी पाती एकावर एक चढू लागली. आणि खरे सांगायचे तर काम देखणे झाले. दगडाचा दोष नाही, कारागिराचा दोष नाही, जितेंद्रचा तर मुळीच नाही. सायंकाळी सूर्य दर्यात उतरताना ती भिंत आतून दिवा लावल्यासारखी तांबूस होई. देवीला शोभेल अशीच. दाजी तिच्याकडे पाहात आणि त्यांना सुख होईना. भिंत कुठे उसवली असती, डागळली असती, तर त्यांना बरे वाटले असते. निर्दोष भिंतीसमोर दोषी माणसाला उभे राहायला जागा उरत नाही.

एका सकाळी ते खाजणाच्या काठाने येत होते. खाऱ्या पाण्यात झावळ्या भिजत घातल्या होत्या, वर दगड ठेवून दाबलेल्या. यशोदाबाईंच्या. विणण्याआधी त्या मऊ व्हाव्यात म्हणून त्या दरवर्षी तशाच भिजत घालीत. दाजींचे पाय तिथेच थांबले. त्यांना वाटले होते, वयनी ओळखेल, मनात कुढेल, पण ओळखेल. तिने ओळखले नव्हते. तिने कौल जसा ऐकला तसा धरला होता. दगड काळा की तांबडा, एवढेच विचारले गेले. झडीचे कुणी विचारले नाही. म्हणजे झड आहे तशीच. रीतीने पाहिले तर तिचेच बरोबर होते. देवीपुढे जे मोडले नाही, ते मोडलेले नाही.

सांगायचेच, असे ठरवून ते त्यांच्या अंगणात गेले. यशोदाबाई उन्हात बसून झावळीची पाती एकमेकींत गुंतवीत होत्या. बोटे पाहण्याची गरज नव्हती, बोटे आपसूक चालत होती.

“ये रे दाजी. भित यंदा जाड झाली मां?”

“झाली.”

“म्हणजे वळसो मोठो पडतलो. काथ्यो जास्ती वळूक होयो. तू आपली शिडी बघ, गेल्या वर्साक एक पायरी हलत होती.”

“वयनी...”

“काय रे?”

“ऊन लागता हय. सावलेत बस.”

“सावलेत चुडत सुकता काय? तू बस सावलेत. रंग उतारलो तुझो.”

सांगायला गेलेला माणूस सावलीत बसायला सांगून परत आला. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा काथ्याची गुंडी घेऊन आले. तिसऱ्या वेळी शिडीची हलणारी पायरी खरोखरच नीट करून ठेवली. पाहा कशी गंमत! ज्या झडीला भिंतीवर जागा नाही हे त्यांना ठाऊक होते, तिच्यासाठी ते काथ्या वाहत होते. अपराधी मन काम शोधते. खरे सोडून बाकी सारे काम करते.

देवापुढे बसले तर नाम चालेना. जिभेवर नाम येई आणि नामाच्या खाली ते वाक्य येई, ‘उजवी कळी काळ्या दगडाची, डावी कळी तांबड्या चिऱ्याची.’ वाक्य सुंदर होते. ठेका होता त्याला. तो ठेकाच त्यांना सोडीना.

विमलाने एके दिवशी ताटातला बांगडा तसाच पाहिला आणि पदर खोचून समोर बसली. “बांगड्यार राग आसा, की माज्यार? काय झालां तां सांगा.”

दाजींनी सांगितले. सगळे. गोठ्यापासून कळीपर्यंत.

विमलाने ऐकून घेतले. “म्हणजे तुमी देवीक फसवलांत?”

“देवी कशी गो फसात? तिका सगळां कळता.”

“मगे फसवलांत कोणाक?”

दाजींनी ताटावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिले.

“माज्याकडे असां केविलवाण्या तोंडान बघू नकात. मी यशोदा न्हय. जावा आणि थंय बघा.”

ते उठले. हात धुऊन सरळ यशोदाबाईंच्या अंगणात गेले. झडी विणून झाल्या होत्या, भिंतीशी रचून ठेवल्या होत्या, हिरव्याच्या पिवळ्या झालेल्या. त्यांचा वास अंगणभर होता. दाजी उभ्यानेच बोलले. बसलो तर पुन्हा सावलीचे बोलू, अशी त्यांना भीती वाटली.

“वयनी, यंदापासून झड नाय. दगडार वासो बसवक येणा नाय. माका शिमग्याआधीच ठावक होतां. मी मुद्दाम इचारलंय नाय. तुका सांगलंय नाय आणि देवीकव इचारलंय नाय.”

यशोदाबाईंच्या हातात काथ्या होता. तो वळायचे थांबले नाही.

“मी व्हय म्हटलंय मां तेवा?” त्या म्हणाल्या.

“म्हटलंस.”

“सगळ्यांच्या मागसून म्हटलंय. माका आठावता. दगडाक म्हटलंय मी. तू तां झडीक लायलंस.”

“लायलंय.”

“खण गेल्याचां माका काय नाय रे. मेल्यार माझी एक चोळी वर जावची नाय. पण तां व्हय माझां होतां.” त्यांनी काथ्या मांडीवर ठेवला. “तां माझां माका परत दी.”

“कसां देव?”

“जिच्या म्होरे घेतलंस, तिच्या म्होरे.”

झड बांधायचा दिवस उजाडला. जितेंद्र काम पूर्ण झाल्याचे पाहायला आला होता. देवळाच्या अंगणात आणून रचलेल्या झडी आणि शिडी पाहून त्याचा चेहरा उतरला. “मामानू, एक खिळो जरी मारलास तरी...”

“खिळो मारणंय नाय,” दाजी म्हणाले. “मारलेलो काढूक इलंय.”

त्यांनी लवू गुरवाला कळ्या लावायला सांगितल्या. लवूने काही विचारले नाही. झडीबद्दलचा आपला प्रश्न तो विसरला नव्हता. गाव जमले. यशोदाबाई त्याच खांबाला टेकून उभ्या राहिल्या. दाजींनी हात जोडले, आणि त्यांचा तो भरदार आवाज, ज्यावर गाव भाळले होते, त्या दिवशी लागला नाही. फाटका, खरखरीत आवाज निघाला.

“गे आवशी पावणाई! शिमग्यात मी तुका इचारलंय, दगड काळो काय तांबडो. झड ठेवची काय मोडची, तां मी पोटात ठेवलंय. माका झडीची लाज वाटली. तुझी खोळ माका गोठ्याचां छप्पर दिसली. ह्यां मी गावापासून लपयलंय.”

साथ आली नाही. कुणाला कळेना, याला ‘व्हय’ म्हणायचे का. समुद्राची गाज तेवढी ऐकू येत होती.

“तेवा ज्येनी ज्येनी व्हय म्हटल्यानी, तेंका आपण कशाक व्हय म्हणतंव तां ठावक नव्हतां. तां व्हय ज्येचां तेका परत जांवदे. दोष आसा तो माझ्या तोंडाक लागांदे. गावाक लागा नये.”

लवू गुरवाने घसा साफ केला. “व्हय म्हाराजा,” तो एकटा म्हणाला, आणि मग गाव म्हणाले. मागून येणारा तो बारीक आवाज मात्र आला नाही. दाजी त्याची वाट पाहात थांबले. नाहीच आला.

“आता सरळ इचारतंय. उजवी कळी, दगडावरसून झड बांधूची; भोक पाडूक लागलां तरी चालात. डावी कळी, झड मोडूची, आणि मोडतलो तो तुझो सबूद, माझो न्हय.”

कळ्या राहिल्या. बाया पुटपुटत होत्या, जितेंद्र नखे चावीत होता. दाजी मनात उजव्या कळीला विनवीत होते. पड गे, पड, एवढी एक पड. ती पडली असती तर सारे फिटले असते. भिंतीत भोक पडले असते आणि काळजातले बुजले असते. पण देवीने त्यांच्या काळजाची सोय पाहिली नाही.

डावी कळी पडली.

“व्हय म्हाराजा,” गाव हळू आवाजात म्हणाले. आणि गावाचा आवाज विरल्यावर, अर्ध्या श्वासाने उशिरा, बारीक आणि स्वच्छ, यशोदाबाई म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.”

लवूने देवीच्या अंगावरचा खण काढून त्यांच्या पदरात घातला. झड नव्हती, तरी घातला. त्यांनी तो डोळ्यांना लावला. जाताना दाजींच्या जवळ क्षणभर थांबल्या.

“बरां झालां,” त्या म्हणाल्या. “आता तिनां सांगल्यान. तेवा तू सांगलं होतंस.”

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य दाजींच्या मनात खोल रुतले आणि तिथेच राहिले.

विणलेल्या झडी वाया गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी यशोदाबाईंनी त्या स्वतःच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बांधायला काढल्या. दाजी न बोलावता शिडी घेऊन गेले. यशोदाबाईंनी जा म्हटले नाही, ये म्हटले नाही. खालून झड वर केली. पूर्वी या कामात जगभरच्या गप्पा होत. त्या दिवशी दोनच शब्द झाले. खालून ‘ओढ’ आणि वरून ‘सोड’. शिडीची नीट केलेली पायरी दाजींच्या पायाखाली अजिबात हलली नाही. शेवटची गाठ मारताना काथ्याने तळवा कापला. त्यांनी तो झडीआड लपवला, आणि लपवताना पुन्हा शरमले.

भिंत आजही देखणी आहे. पाऊस तिच्यावरून ओघळून जातो, गाभारा कोरडा राहतो, आणि लोक जितेंद्रचे कौतुक करतात, ते योग्यच करतात. दाजी अजून गाऱ्हाणे घालतात. त्यांनी मान सोडायचे म्हटले तेव्हा गावाने सोडू दिला नाही. पण गाऱ्हाणे बदलले आहे. दर मागण्याच्या शेवटी, ‘व्हय’ येण्याआधी, ते आता हात वर करून गावाला थांबवतात आणि मागे वळून विचारतात, “समाजलां मां रे सगळ्यांक? काय मागतंव तां?” कंटाळलेली पोरे म्हणतात, दाज्यांचां गाऱ्हाणां भरतीक सुरू होता नि सुकतीक सपता. लवू गुरव म्हणतो, देवीचे पायसुद्धा दुखू लागले.

दाजी हसतात. पुन्हा विचारतात. मग गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणते, आणि दाजी हात जोडून, डोळे मिटून उभे राहतात, खांबाकडे कान लावून. तो मागचा आवाज कधी अर्ध्या श्वासाने येतो. कधी पूर्ण श्वास जातो, तरी येत नाही. आला नाही तोवर दाजी पुढचे मागणे मागत नाहीत.